पाचवं उत्तर

अकरा वर्षं मी अर्थमंत्रालयात उत्तरं न देण्याची नोकरी करतो आहे, आणि सांगायला हरकत नाही, या कामात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे!

म्हणजे असं, की सभागृहात आमदार मंडळी आमच्या मंत्र्यांना प्रश्न विचारतात. अमुक खर्च का झाला, तमुक खर्च का नाही झाला, हे धोरण कुणाच्या डोक्यातून निघालं, वगैरे. मंत्री उत्तरं वाचतात आणि ती मी लिहितो. ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ आणि माझं सगळ्यांत लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही’. एवढ्या चार वाक्यांवर मी तीन मंत्री, अकरा अर्थसंकल्प आणि एक चौकशी समिती सहीसलामत पार पाडली. विरोधी बाकांवरच्या एक सदस्या आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणाऱ्या या बाईसुद्धा माझ्या उत्तरांपुढे हात टेकतात.

आता आमची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या पद्धतीनंच केला. मंत्र्यांच्या मागे लाकडी कठडा आहे. त्यामागे आम्ही अधिकारी बसतो. आत फोन नेता येत नाही. ऐन वेळी उपप्रश्न आला की मी पिवळ्या चिठ्ठीवर उत्तर लिहून कठड्यावर ठेवायचं. सभागृहातले शिपाईमामा ती उचलतात. मंत्रिमहोदय मान न वळवता डावा हात खांद्यावरून मागे करतात, मामा त्यात चिठ्ठी ठेवतात आणि साहेब थेट वाचायला लागतात. आधी नजर टाकणं नाही! ‘आधी वाचलं की आवाजातला विश्वास जातो,’ असं साहेबांचं म्हणणं. कठड्यावर आलेली चिठ्ठी म्हणजे पक्की चिठ्ठी, हा नियम मात्र माझा. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

आता घरचं. माझी बायको आमच्याच खात्यात आहे. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी तिची बदली दूरच्या जिल्ह्यातल्या कोषागारात झाली. इथून रेल्वेनं अकरा तास. सहा महिन्यांत परत येईल असं ठरलं होतं आणि तेवढ्यात आमच्या मंत्रालयानं काटकसरीचं धोरण आणलं. बदल्या बंद! नवराबायकोला एका गावी आणण्याच्या बदल्यासुद्धा बंद! आणि या धोरणाचं समर्थन करणारी सगळी उत्तरं लिहिली कोणी? मीच! माझ्या हातानं मी माझी बायको तिकडं अडकवून ठेवली, तेही शुद्ध आणि निर्दोष भाषेत.

दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो.

“कसं चाललंय?” ती विचारायची.

“सर्व ठीक आहे.”

“माझी आठवण येते का?”

“हे अंशतः खरं आहे.”

पहिल्यांदा ती हसली होती. नंतर नंतर हसायची बंद झाली, आणि मला ते लक्षात यायला वर्ष लागलं. खरं सांगतो, घशाशी काय काय यायचं! पण तोंड उघडलं की मंत्रालय बाहेर पडायचं.

आणि त्या बुधवारी तिचं पत्र आलं. खात्याच्या टपालातून, आणि चक्क सभागृहातल्या तारांकित प्रश्नासारखं!

‘फोनवर तुम्ही सरकारी उत्तरं देता म्हणून लेखी विचारते. (१) घरी सर्व ठीक आहे असे तुम्ही दर रविवारी सांगता, हे खरे आहे काय? (२) असल्यास, ते सांगणे खोटे आहे काय? (३) माझ्यावाचून तुमचे नेमके काय अडते? (४) मी परत यावे असे तुम्हाला वाटते काय? असल्यास, तसे आजवर न सांगण्याची कारणे काय? (५) तुम्ही स्वतः इकडे बदली मागितली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’

खाली तळटीप. ‘गुरुवारी पाच वाजेपर्यंत मला फॉर्म भरून द्यायचा आहे. परत येणाऱ्यांच्या यादीत थांबायचं, की इथंच कायम राहायचं. तुमचं उत्तर पाहून खूण करीन. फोन करू नका. लिहा.’

रात्रभर कागद पुढ्यात घेऊन बसलो, पण एक ओळ सुचली तर शपथ! सभागृहाच्या कठड्यामागे बसल्यावरच माझी लेखणी चालते, त्याला मी तरी काय करू?

तर गुरुवारी सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला मी जागेवर बसलो. हेडबाईंचा प्रश्न होता बदल्यांवरच्या बंदीचाच. त्यासाठी ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ अशी चिठ्ठी मी आधीच लिहून कोपराखाली ठेवली होती. साहेब छापील उत्तर वाचत होते, ते संपायला चार मिनिटं होती. मी दुसरी पिवळी चिठ्ठी ओढली आणि बायकोला उत्तरं लिहायला लागलो, सभागृहाच्या रीतीनं, तिलासुद्धा ‘ती’ म्हणूनच. तास संपला की बाहेर जाऊन फोटो काढायचा आणि पाठवायचा, असा बेत.

आणि काय सांगू, लेखणी सुटली! अकरा वर्षांत पहिल्यांदा मी खरं लिहीत होतो. पहिली चार उत्तरं झरझर उतरली, डोळ्यांत पाणी येईतो. पाचव्याशी आलो आणि तेवढ्यात बाजूला बसलेल्या सचिवांनी ढोसलं, “उपप्रश्न येतोय, तयार राहा!” मी घाईघाईनं पाचवं उत्तरही खरडलं. शाईचं पेन, अक्षरं ओली. वाळावी म्हणून चिठ्ठी सहज समोर ठेवली.

समोर म्हणजे कठड्यावर!

हेडबाई उभ्या राहिल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“अध्यक्ष महोदय, नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी, आणि मंत्रालय सांगतं की सर्व ठीक आहे. असं मंत्रालय सांगतं की नाही? ते खोटं आहे की नाही? या माणसांचं नेमकं काय अडतं, हे मंत्र्यांना ठाऊक तरी आहे का? आणि ठाऊक असेल तर इतके दिवस मूग गिळून का बसलात?”

साहेबांचा डावा हात मागे आला. मी कोपराखालची चिठ्ठी उचलली आणि कठड्याकडे पाहिलं. कठडा रिकामा! शिपाईमामा माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावत होते. आज साहेबांना वाट पाहावी लागली नाही ना!

“मामा!” मी कुजबुजलो. “ती नव्हे!”

“पोचली साहेब, पोचली!” मामांनी मला धीर दिला.

मंत्रिमहोदयांनी घसा साफ केला. “अध्यक्ष महोदय. एक, होय. दोन, होय. पूर्णतः खोटे आहे.”

सभागृहात एकच गदारोळ! विरोधी बाक उभे राहिले, सत्ताधारी बाक बसल्या जागी खचले. सचिवांनी माझं मनगट असं पकडलं, की नाडी बघताहेत की गळा समजून दाबताहेत ते कळेना. साहेबांचं मात्र लक्षच नव्हतं. ते विश्वासानं पुढे वाचत होते.

“तीन. संध्याकाळी कुलूप उघडण्याआधी मी बेल वाजवतो. आत कुणी नाही हे माहीत असते. तरी वाजवतो आणि थोडा वेळ थांबतो. चहा दोन कपांचाच होतो, अजून एकाचा जमत नाही. दुसरा कप भरून समोर ठेवतो आणि थंड झाला की ओतून देतो. तिची चप्पल दारातून उचललेली नाही. चप्पल हलवली तर ती खरोखर गेली असे होईल, अशी भीती वाटते.”

गदारोळ कधी थांबला ते कळलंच नाही. पंखे फिरत असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. आपणच लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना मला वाटलं, हे इतकं होतं? आणि मी ‘अंशतः’ म्हणत होतो?

साहेबांचा आवाजही जरा हलला होता. “चार. होय, तिने परत यावे असे फार वाटते. आजवर न सांगण्याचे कारण, भित्रेपणा.”

बाकं वाजू लागली! आधी विरोधी, मग सगळीच! पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत साहेबांसाठी विरोधकांनी बाक वाजवलं नव्हतं. त्या आवाजातच साहेबांनी शेवटची ओळ वाचली.

“पाच. प्रश्न उद्भवत नाही.”

हेडबाई गोंधळल्या. “पाचवा कोणता? मी चारच विचारले!”

सभागृह हसलं. बाकं वाजतच राहिली आणि त्या भरात साहेब कुठलीही चिठ्ठी न बघता म्हणाले, “नवराबायकोच्या बदल्यांवरची बंदी मी आजपासून उठवत आहे!”

सचिवांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “हे लिहिलं कोणी?”

“माहिती गोळा करण्यात येत आहे, साहेब.”

तास संपताच मंत्र्यांच्या दालनात बोलावणं आलं. नोकरी गेली, असं धरूनच मी गेलो. साहेब खिडकीशी उभे होते, हातात ती चिठ्ठी. त्यांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या, हे सगळ्या मंत्रालयाला माहीत होतं.

“तिसरं उत्तर,” ते म्हणाले, “तुमचं स्वतःचं?”

“होय, साहेब.”

“माझ्या घरी दार उघडायला चार नोकर आहेत,” साहेब म्हणाले. “तरी बेल वाजवल्यावर मी थांबतो. दुसरं कुणीतरी उघडेल म्हणून.” मग एकदम खाकरून त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली. “उत्तर असं लिहावं! तुमच्यासारखा माणूस मी मरेपर्यंत सोडायचा नाही!”

मी तरंगतच बाहेर आलो. बंदी उठली! नोकरी राहिली! बायको येणार! फोन लावला, तिनं उचलला नाही. सात वेळा लावला. घरी येऊन चहा टाकला, दोन कपांचा, आणि या वेळी अगदी हक्कानं. सहा वाजता तिचा फोन आला.

“अगं, ऐकलंस का?”

“ऐकलं ना. कोषागारातले सगळे टीव्हीपुढे उभे होते. तिसऱ्या उत्तराला आमच्या रोखपालांनी डोळे पुसले. म्हणाले, मंत्री मनाचा मोठा आहे हो. मी काही बोलले नाही.” मग तिनं विचारलं, “अहो, चप्पल अजून दारातच आहे?”

“आहे.”

“मी फॉर्म हातात घेऊन उभी होते. चौथं उत्तर झालं आणि ‘परत’वर खूण करायला पेन टेकवलं. आणि मग पाचवं आलं.”

सगळ्या सभागृहाला न कळलेला तो पाचवा प्रश्न जिनं विचारला होता, ती एकटी ते ऐकत होती.

“अगं, ते सवयीनं लिहिलं गेलं! सचिवांनी ढोसलं, शाई ओली होती...”

“सवयीनंच, तेच म्हणते मी. दोन वर्षं चार महिने मी केव्हा येणार, एवढंच चाललंय. तुम्ही इकडं यायचा प्रश्न तुमच्या मनात एकदाही उद्भवला नाही. खरं की नाही?”

‘अंशतः’ माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं.

“खरं आहे,” मी म्हणालो. “मग फॉर्म?”

“इथं राहते म्हणून दिला. इथलं काम मला आवडतं हो. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही.”

समोर दुसऱ्या कपातल्या चहावर साय धरत होती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मी इथं दुसरा कप आणून ठेवलाय. प्रश्न उद्भवला तर या.”

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आत मी पायरीवर बसून अर्ज लिहिला. चार ओळी, सगळ्या खऱ्या. ‘पत्नी जेथे आहे तेथे माझी बदली व्हावी. हुद्दा कोणताही चालेल.’ बंदी उठलेलीच होती. अर्ज सचिवांकडे गेला, तिथून मंत्र्यांकडे गेला आणि पाच दिवसांनी खाली उतरला. उतरून कुठं यावा? माझ्याच टेबलावर! साहेबांचा शेरा होता, ‘यांच्यावाचून सभागृहात आमचे अडते. अर्जदारास योग्य ते उत्तर तयार करून सादर करावे.’

उत्तरं तयार करणारा खात्यात दुसरा आहे कोण? मीच तयार केलं. अगदी निर्दोष भाषेत, पहिल्याच खर्ड्यात मंजूर झालं. ‘बाब विचाराधीन आहे.’

दारातली चप्पल मी उचलून माझ्या बॅगेत भरून ठेवली आहे, जाताना नेईन म्हणून. आता वाट बघतो आहे. आणि विचाराधीन बाब किती दिवस विचाराधीन राहते, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही!