बाईसाहेबांशिवाय एकतिसावा मजला

"हॉटेल तू निवड," असं नवरा म्हणाला, आणि सगळं तिथेच बिघडलं.

त्याचा हेतू चांगलाच होता. मुलगी झाल्यापासून आम्ही दोघंच असे एकदाच बाहेर पडलो होतो, तेही तिच्या लशीची चौकशी करायला. म्हणून ठरलं, की शनिवार-रविवार मोठ्या शहरात जायचं, बाईसाहेबांना (वय वर्षे दीड, घरातल्या प्रत्येक निर्णयावर शेवटची सही यांची) आजीजवळ ठेवायचं आणि दोन दिवस मोठ्या माणसांसारखं वागायचं.

"दोन दिवस तू आई नाहीस," नवरा म्हणाला. "माणूस आहेस."

मी "बरं" म्हटलं. मुलीची काळजी होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. हे आईपण दोन दिवस काढून ठेवलं, तर आत कुणी उरलंय की नाही, ते कळणार होतं.

मी कॉलेजात संभाव्यता शिकवते. म्हणजे कुठलीही वाईट गोष्ट घडण्याची शक्यता शून्य नसते, हे मला फळ्यावर व्यवस्थित सिद्ध करून दाखवता येतं. अशा बाईला हॉटेल निवडायला सांगू नये. मी आगीचे जिने पाहिले, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, अनोळखी लोकांचे अभिप्राय डोळ्यांत तेल घालून वाचले. एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये कुणाला तरी उदास वाटलं होतं. ते मी लगेच रद्द केलं.

शेवटी एक सापडलं. बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे सक्त मनाई. मूल दिसलं तर खोली तत्काळ खाली करायची. मला ते एकदम पटलं. जिथे एकही मूल रडणार नाही, तिथे मी दचकून धावणार तरी कुणाकडे?

"फक्त मोठ्यांसाठी?" नवऱ्याचे कान लाल झाले. "अगं, हे तसलं हॉटेल नाही ना?" (त्या आवाजात थोडी आशाही होती, असा मला अजून संशय आहे.)

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यांसाठी म्हणजे वयस्कर लोकांचं असेल. बरंय, जेवण पचायला हलकं मिळेल."

हॉटेलच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि माझी मान वरच गेली. छत इतकं उंच, की त्याखाली आपोआप हळू बोलावंसं वाटे. फरशीत माझा चेहरा दिसत होता आणि तो घरच्या आरशातल्यापेक्षा बरा होता. काउंटरवर करड्या सुटातले मॅनेजर उभे होते.

"बारा वर्षांखालचं कुणी सोबत नाही ना, मॅडम?"

मी आधी वळून मागे पाहिलं आणि मग "नाही" म्हटलं. निव्वळ सवय हो! पण मॅनेजरांच्या कपाळावर पहिली आठी तिथे पडली.

खोली एकतिसाव्या मजल्यावर. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. समोर भिंतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे सगळं शहर. इमारतींमागे इमारती, त्यांच्यामधून वाट काढणारी नदी, नदीवर पूल, पुलावर मुंग्यांएवढ्या मोटारी. आणि आवाज म्हणून नाही. एवढं मोठं काहीतरी आरडाओरडा न करता जगू शकतं, हे मी विसरूनच गेले होते.

"बघ," नवरा हळूच म्हणाला. "आणि संध्याकाळी गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल आहे, अगदी सूर्यास्ताच्या वेळेचं. त्या टेबलासाठी लोक महिनाभर ताटकळतात. मी आंघोळ करून येतो. तू फक्त बस. काही म्हणजे काही करू नकोस."

मी बसले. शहर बघत बसले. शप्पथ, मी नुसती बसले होते. हातांनी परस्पर काय केलं, ते मला नीट आठवत नाही.

नवरा पांढरा झगा घालून बाहेर आला तेव्हा खोलीतल्या सगळ्या सॉकेटना प्लास्टिकची झाकणं बसली होती. काचेच्या टेबलाच्या कोपऱ्यांवर माझे मोजे चढवलेले होते. पलंगाच्या कडेला उशांचा कोट उभा राहिला होता. फुलदाणी कपाटाच्या डोक्यावर गेली होती. आणि टेबलावर कोमट दूध होतं. साखर नको, चमचा छोटा. (ते मी फोन करून मागवलं होतं. दूध घेऊन आलेली बाई उशांकडे बराच वेळ बघत होती, हे मला नंतर आठवलं.)

"माझे कपडे?" नवऱ्याने विचारलं.

"बॅगेत."

"बॅग?"

"कपाटात."

मग आम्ही दोघांनी कपाटाकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही दारांवर, मधोमध, ते पांढरं बेबी-लॉक चिकटलेलं होतं.

त्या लॉकबद्दल सांगायलाच हवं. मुलांना उघडता येऊ नये म्हणून दारांना चिकटवायची ती पट्टी असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटाला तसंच एक आहे. ते कपाट आम्ही वापरत नाही. का, तर आम्हाला ते उघडता येत नाही. पण सुरक्षित मात्र आहे.

"तू हे इथे आणलंस?"

"असल्या वस्तूंची पिशवी बॅगेत असतेच रे!"

"आणि लावलंस?"

"मी नाही. हातांनी."

नवऱ्याने ओढलं, मी दाबलं, मग मी ओढलं, त्याने दाबलं. तिकडे सूर्य इमारतींच्या दिशेने कलायला लागला. झग्यावर गच्चीवर जायची नवऱ्याची तयारी होती, पण झग्याची नव्हती. त्याचा पट्टा सारखा सुटत होता. शेवटी मी खाली फोन केला.

मॅनेजर जातीने आले. बरोबर पेचकस घेतलेला मेकॅनिक. मॅनेजरांनी उशा पाहिल्या, मोजे पाहिले, दूध पाहिलं.

"मॅडम, एक नाजूक प्रश्न विचारू?"

"विचारा ना."

"बाळ कुठंय?"

"आजीकडे."

"आजी कुठल्या मजल्यावर आहेत?"

"आमच्या घरी आहेत हो!"

मॅनेजर कपाटाजवळ गेले आणि त्यांनी दारावर टकटक केलं. आतून एक मूल खदखदून हसलं.

मेकॅनिकच्या हातातला पेचकस खाली पडला. मॅनेजर पांढरेफटक. "तुम्ही बाळाला कपाटात कोंडलंय?"

"ससा आहे तो!" मी ओरडले.

"पाळीव प्राण्यांनाही बंदी आहे, मॅडम."

"खेळण्यातला! आवाज झाला की हसतो!" (तो मी का आणला होता, ते विचारू नका. त्याला तिचा वास येतो.)

माझ्या ओरडण्याने ससा पुन्हा हसला. नवरा झगा सावरत म्हणाला, "घरी फोन लाव. बाईसाहेबांना दाखव यांना."

पडद्यावर आधी सासूबाईंचं कपाळ आलं. त्या फोन नेहमी तसाच धरतात.

"आई, बाईसाहेब कुठंयत? जरा दाखवा!"

"अगं, मजेत आहे. तुझं नावसुद्धा काढलं नाही."

हे चारचौघांत सांगायची गरज नव्हती. पण बाईसाहेब दिसल्या, मॅनेजरांनी वाकून खात्री करून घेतली आणि त्यांचा रंग परत आला. मी कपाट दाखवून सगळा घोळ सांगितला.

"ते होय?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर ही रोज उघडते की!"

"कोण?"

"ही. तुम्हाला ठाऊक नाही?"

फोन स्वयंपाकघरात गेला. बाईसाहेब डुलत डुलत खालच्या कपाटापाशी बसल्या, लॉकवर हनुवटी टेकवली, दोन्ही हातांनी पट्टी वर सरकवली आणि दार उघडलं. आत टीव्हीचा रिमोट होता. (त्यासाठी आम्ही सोफा उसवला होता.) नवऱ्याचं घड्याळ होतं. माझं डाव्या कानातलं होतं. अर्धं बिस्कीटही होतं, ते त्यांनी तोंडात टाकलं.

खिडकीतल्या शहराकडे पाहून वाटलं नव्हतं, एवढं आश्चर्य मला त्या हनुवटीचं वाटलं.

"परत एकदा दाखवा म्हणावं," मॅनेजर कुजबुजले.

बाईसाहेबांनी परत दाखवलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग मॅनेजर करड्या सुटासकट गुडघ्यांवर बसले, कपाटाच्या दाराला हनुवटी लावली आणि पट्टी वर सरकवली. टक्क! दार उघडलं, ससा हसत हसत त्यांच्या मांडीत पडला, आणि बारा वर्षांखालच्यांना सक्त मनाई करणाऱ्या त्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

गच्चीवर पोचलो तेव्हा अर्धा सूर्य शिल्लक होता. नदी तांब्याची झाली होती. मग दिवे लागायला लागले, आधी पुलावर, मग खिडक्यांत, मग सगळीकडे, आणि मी नुसती बघत राहिले. तास झाला असेल. मी कशाचाही विचार करत नव्हते, कठड्याच्या उंचीचासुद्धा नाही. (छातीपर्यंत होता. भक्कम.) आत कुणीतरी उरलं होतं. तिला दिवे आवडत होते.

"ती आत्ता काय करत असेल गं?" शेजारून आवाज आला.

हे मी नाही, नवऱ्याने विचारलं. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. मी जिंकले होते. मी माणूस होते.

सोमवारी संध्याकाळी घरी फोन वाजला. हॉटेलचे मॅनेजर.

"मॅडम, तुमच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजलाही एक लॉक राहिलंय."

"हो का? सॉरी हं! अहो, सोपंय, हनुवटी लावायची आणि—"

"लावली, मॅडम. सगळ्यांनी लावून झाली."

"मग थांबा, मी नीट समजावते."

"तुम्ही नको, मॅडम," मॅनेजर अत्यंत अदबीने म्हणाले. "घरात कुणी जाणकार असेल, तर त्यांना द्या."