सावेताकाकूंचं न बिघडणारं ग्राइंडर

जी वस्तू वेळेवर बिघडत नाही, ती प्रगतीच्या आड येते. हे सत्य आमच्या लेस्कोवात्स गावाला सावेताकाकूंच्या ग्राइंडरमुळे कळलं.

काकू माझ्या शेजारीण. ग्राइंडर त्यांच्या लग्नातलं. ज्या देशात ते बनलं तो देश मोडला, तरी हे आपलं फिरतंच होतं. (देशाची हमी कुणी घेतली नव्हती.) सप्टेंबर आला की आमची गल्ली लाल मिरच्या भाजते, सोलते, वाटते आणि दिवसभर घोटून आयवार चटणीच्या बरण्या भरते. वाटायला सगळे काकूंच्या अंगणात, कारण बाकीच्यांची यंत्रं आधुनिक होती.

त्या वर्षी ग्राइंडर बनवणाऱ्या कारखान्याच्या नव्या मालकांनी ‘टिकाऊपणा सप्ताह’ जाहीर केला. जुनं यंत्र आणा, फुकट तपासून देऊ. काकू तेलपाणी करून घ्यायला गेल्या. समोर ग्राहक-समाधान अधिकारी द्रागिशा. आमच्याच गल्लीतला, पण आता टायवाला.

“काय बिघडलंय, काकू?”

“काही नाही.”

“कधीपासून बिघडलेलं नाहीये?” त्यानं काळजीनं विचारलं.

“आणल्यापासून.”

द्रागिशा खाली बसला. जो परत येतो तो समाधानी ग्राहक, अशी कंपनीची व्याख्या. काकू लग्नानंतर एकदाही फिरकल्या नव्हत्या. म्हणजे त्या कमालीच्या नाराज असणार. शिवाय सप्ताहात आलेली शंभर टक्के जुनी यंत्रं (एकूण एक) चालू निघाली, ही चिंतेची बाब वर कळवणं भाग होतं.

वरिष्ठांनी समारंभ ठरवला. तुतारीवाले आले. ग्राइंडर कंपनीच्या दालनात काचेच्या पेटीत गेलं, खाली पाटी: ‘आमचा टिकाऊपणा’. काकूंना नवं ग्राइंडर भेट मिळालं. पेपरात फोटो येणार म्हणून त्यांनी केसही रंगवले होते.

नवं ग्राइंडर बोलायचं. मिरची घातली की “उत्तम निवड!” म्हणायचं. दुसऱ्याच घाण्याला “क्षमस्व” म्हणालं आणि थांबलं. (सौजन्य शेवटपर्यंत सोडलं नाही.) अंगणात गल्लीभराच्या सोललेल्या मिरच्या. उद्यापर्यंत आंबल्या असत्या, आणि हिवाळा कोरड्या पावावर काढावा लागला असता. काकू ते नवं ग्राइंडर उचलून तडक दालनात गेल्या. मागोमाग आम्ही, मिरच्यांची पातेली घेऊन.

“हे उघडत नाही, काकू,” द्रागिशा म्हणाला. “स्क्रूच नाहीत. चिकटवलंय. दिसायला सुबक.”

“मग दुरुस्त कसं करतोस?”

“नवं देऊन. पुढच्या महिन्यात येईल.”

“आणि तेही बंद पडलं तर?”

“तर आम्ही आहोतच ना!”

“ते राहू दे. माझं मला दे.”

“ते आता वारसा आहे, काकू. वारशात कुणी मिरच्या वाटतं का?”

“अस्सं? तू गेल्या हिवाळ्यात बरणी चाटूनपुसून खाल्लीस, ती कुणाच्या वारशात वाटलेली रे?”

काकूंनी पेटीचं झाकण उचललं, आतल्या दिव्याचा प्लग काढून तिथे ग्राइंडरचा लावला. द्रागिशानं पोलिसांना बोलवायला फोन काढला. तेवढ्यात रांगेतून त्याची आई पुढे आली. तिनं तो फोन स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकला आणि त्याच्या हातात दट्ट्या दिला.

“लोट मिरच्या. आणि टाय वर घे, गाढवा, वाटला जाईल.”

दालनाच्या पांढऱ्या भिंती छतापर्यंत लाल झाल्या. मिरच्या संपल्यावर काकू ग्राइंडर काखोटीला मारून घरी निघाल्या. कुणी अडवलं नाही. अडवणारेच पातेली धरून उभे होते.

रिकाम्या पेटीत कंपनीनं नवं ग्राइंडर ठेवलं. तिथे त्याला कुणी हात लावत नाही, त्यामुळे ते फार टिकलं आहे.

आमच्या गल्लीला खुशाल हसा. फक्त तुमच्या खणातला तो जुना फोन जरा चार्जिंगला लावून बघा. चालू होईल. मग तो का बदलला, ते घरच्यांना नीट समजावून सांगा.