पातळ फेस

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. कोपरखैरण्याच्या खाडीकाठी मुक्ताबाईंच्या नावाचा पिंड ठेवून अर्धा तास झाला होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. गेलेल्या जिवाची इच्छा राहिली, की असंच होतं.

"आई, तुझ्या नातीचं, राजनंदिनीचं कॉलेज पूर्ण करतो," मुलगा इंद्रजित हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म.

"खारघरला सिडकोच्या घराचा फॉर्म भरतो, आई. टेन्शन घेऊ नको."

एका कावळ्याने मान फिरवली.

"आत्याबाई, तुमचे सोळा सोमवार तिसऱ्यावरच थांबलेत," सून उज्वला पुटपुटली. "मी पुरे करीन."

तोही शब्द वाया गेला. गुरुजींना अकराला आणखी एक दहावा होता. ते म्हणाले, "आप्पा, कावळा येईस्तोवर तुमची दाढी उरकून घ्या."

दहा दिवसांची पांढरी दाढी घेऊन मुक्ताबाईंचे यजमान आप्पा दगडावर बसले. रोज देवपूजा आटोपली, की मुक्ताबाई पितळी वाटीत साबणाचा फेस घोळून आप्पांपुढे ठेवायच्या. आप्पा वाटीत डोकावायचे आणि म्हणायचे, "पातळ." मग त्या समोर बसून पुन्हा ब्रश फिरवायच्या. पंचेचाळीस वर्षांत पहिल्या वाटीला आप्पांनी एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

न्हावी कृष्णातने वाटी पुढे केली. आप्पा सवयीने डोकावले.

"पातळ."

"आप्पा, इथं तरी!" इंद्रजित ओरडला.

कृष्णातला ते लागलं. "आमी बी तुमच्यावानी साताऱ्याचंच. वाटी पालथी करून बघा. फेस पडला तर धंदा सोडीन!"

आप्पांनी वाटी पालथी केली. फेस त्यांच्या धोतरावर पडला. कृष्णातने दात-ओठ खात नवा फेस केला. वाटी पालथी करताच तो शेजारी गुरुजींच्या पोथीवर पडला. तिसऱ्याला पाणीच उरलं नाही, म्हणून इंद्रजित तांब्या घेऊन पळाला. बाभळीवरचे कावळे आता मात्र मन लावून बघत होते.

"हिचा कदी पडला न्हाई," आप्पा हळूच म्हणाले.

उज्वलाला राहवलं नाही. "मग रोज पातळ का म्हणायचात? आत्याबाई आत येऊन डोळे पुसायच्या, ठाऊक आहे?"

आप्पा रिकाम्या वाटीकडे बघत राहिले.

"डोळं पुसायची? मला न्हाई दिसलं कदी." मग ते म्हणाले, "चांगला म्हनलं, की वाटी ठिवून जायची. पूजा, उपास, पोथी... मानसाला बसाया येळ कुठं? पातळ म्हनलं, की समोर बसायची. तेवढीच पाच मिन्टं."

तांब्या घेऊन परतलेला इंद्रजित तसाच उभा राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "हे आईला सांगा."

आप्पा उठले. पिंडासमोर गुडघे टेकून त्यांनी हात जोडले. "मुक्ते, फेस चांगला व्हायचा. पैल्या वाटीचाच."

पंख फडफडले. एक कावळा उतरला, पण पिंडाकडे न जाता आप्पांच्या दगडापाशी गेला. पोथीवरून निपटून ठेवलेल्या फेसात त्याने चोच बुडवली, मान झटकली, चोच दगडाला पुसली. मग सावकाश जाऊन पिंडाला शिवला.

गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आप्पांचे डोळे वाहत होते.

"बघ कृष्णात," ते म्हणाले, "तिलाबी तुजा पातळच वाटला."

मग दगडावर बसून त्यांनी गाल पुढे केला.

"लाव आता. हाय त्यो लाव."