किटली आणि भलतीच वस्तू

ऑडिटरसाहेब बायकोला घेऊन परदेश बघायला निघाले, तेव्हा त्यांच्या साडूने त्यांना समोर बसवून तासभर खरेदीचे धडे दिले. साडू आधीच तिकडे जाऊन आलेला होता आणि त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू म्हणे भाव पाडून आणलेली होती. "जे हवंय ना, त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही," तो म्हणाला. "आधी भलत्याच वस्तूचा भाव करायचा. सांगेल त्याच्या पाव किमतीला मागायचं. नाही म्हणाला की सरळ चालू पडायचं. झक मारत हाक मारतो!" ऑडिटरसाहेब हसून हो हो म्हणाले, पण मनातून जळफळले. या खेपेला आपणही काहीतरी पाडून आणायचंच, नाहीतर हा माणूस जन्मभर आपल्याला शिकवत बसेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सबंध सहलीत बायकोने काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानासमोर मात्र ती थबकली. आत एक छोटीशी पितळी किटली टांगलेली होती.

"अहो, ही घेऊ या ना! किती गोड आहे!"

"हळू बोल, त्याला कळेल."

"मराठी?"

"चेहऱ्यावरून कळतं त्यांना! तू तोंड वाकडं करून उभी राहा."

बायकोने साहेबांकडे बघत तोंड वाकडं केलं. त्यासाठी तिला काही कष्ट पडले नाहीत.

आता भलती वस्तू शोधायची होती. भांड्यांपैकी काही नको, न जाणो गळ्यात पडायचं. दुकानदार काही झालं तरी विकणार नाही अशीच वस्तू हवी. दाराशी त्याची म्हातारी आई लाकडी स्टुलावर बसून पेले पुसत होती. स्टुलाचा एक पाय दोरीने आवळून बांधलेला होता. साहेबांनी बेधडक तिकडे बोट केलं आणि किती, अशी खूण केली.

आपल्या आईकडे बोट दाखवून हा किंमत विचारतोय असं वाटून दुकानदार आधी भडकलाच. स्टूल हवंय हे कळल्यावर त्याने डोकं खाजवलं, साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कॅल्क्युलेटरवर एक आकडा मारून पुढे केला. साहेबांनी त्याचा पाव केला. दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला. साहेब मख्ख.

"अहो, किटली!" बायको कुजबुजली.

"थांब गं! रंगात आलाय तो."

दुकानदार थोडा खाली आला, साहेब तसूभर वर चढले आणि मग पाठ फिरवून चालू पडले. बायको तिथेच उभी राहिली. कोपऱ्यापर्यंत हाक आली नाही तेव्हा साहेब खूश झाले. स्टुलाची ब्याद टळली, आता परत जाऊन सहज विचारल्यासारखं किटलीचं विचारायचं! तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. दुकानदार स्टूल डोक्यावर घेऊन धावत येत होता. त्याला साहेबांचा भाव मान्य होता.

दुकानदार हो म्हणाला तर काय करायचं, हे साडूने शिकवलंच नव्हतं. अख्खी गल्ली दारात येऊन बघायला लागली. आपणच सांगितलेला भाव नाकारणार कसा? साहेबांनी मुकाट पैसे मोजले.

स्टूल काखोटीला मारून ते परतले, तर म्हातारी गुडघा धरून दाराला टेकून उभी होती.

"शोभतं का हो तुम्हाला?" बायको कडाडली. "म्हाताऱ्या बाईला उठवून तिचं स्टूल नेताय! आत्ताच्या आत्ता परत द्या."

साहेबांना खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्टूल दुकानदारापुढे ठेवलं. पण दुकानदार स्टुलाकडे बघेचना. आधी त्याने आभाळ बघितलं. मग दोरी बांधलेला पाय बोटाने हलवून नाक मुरडलं आणि कॅल्क्युलेटरवर मघाच्या भावाचा पाव आकडा दाखवला.

"अरे, लाकूड बघ की! दणकट आहे!" साहेब पोटतिडकीने स्टूल ठोकून दाखवू लागले.

दुकानदार पाठ फिरवून आत निघाला.

"ओ! ओ भाऊ! थांबा!" साहेबांनी हाक मारली.

शेवटी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि किटलीकडे बोट केलं. दुकानदाराने बराच विचार केला, मोठा सुस्कारा टाकला आणि आपलं वाटोळं झाल्यासारखा चेहरा करून किटली खाली काढली. तोवर म्हातारी स्टुलावर बसलीसुद्धा होती.

"बघितलंस?" गल्लीबाहेर आल्यावर साहेबांची छाती फुगली. "पैसा न देता किटली!"

"हो ना," बायको म्हणाली. "तुम्ही कोपऱ्याकडे निघालात तेव्हा मी म्हातारीला खुणेने भाव विचारला होता. स्टुलाच्या पैशात अशा तीन आल्या असत्या. पण किटली तुम्ही फुकट मिळवलीत हो, महाग पडलं ते स्टूल."

ऑडिटरसाहेबांनी उभ्या नोकरीत कुणाचा चहाचा खर्चसुद्धा पावतीशिवाय मंजूर केला नव्हता. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "हे बघ, घरी गेल्यावर फक्त किटलीचं सांगायचं. स्टूल हिशेबात धरायचं नाही."