मारतहळ्ळीचा राक्षस आणि बनशंकरीचा पूल

"संमेलनाच्या शनिवारी अख्खं सभागृह उठून ओरडेल, बघच तू!" मुकुलने बायकोला, ऋचाला, ठणकावून सांगितलं. बंगळुरूच्या मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मुकुल तिथे जपानी राक्षसपट रंगमंचावर जिवंत करणार होता.

या सिनेमांचं त्याला भलतंच वेड! समुद्रातून वीस मजली प्राणी वर येतो, आणि त्याच्या आत कोण? घामाघूम झालेला एक साधा माणूस! रबरी पोशाख, पुठ्ठ्याचं शहर आणि खरीखुरी धूळ! कॉम्प्युटरवर काढलेल्या प्राण्यात ही मजा कुठली? शिवाय मुकुल रोज ऑफिसला जाताना मारतहळ्ळीच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकायचा. त्या पुलाला एकदा तरी सणसणीत लाथ घालावी, असं त्याला मनापासून वाटे.

अडचण एकच, सासरे. हरीभाऊ सरकारी संशोधन संस्थेतले निवृत्त इंजिनिअर, सगळी हयात बंगळुरूच्या बनशंकरी भागात गेलेली, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून कानडी. लग्नाला चार वर्षं झाली तरी जावयाकडे ते नापास झालेल्या यंत्राकडे बघावं तसे बघत. त्यांनी एकदा आपल्याला "वा!" म्हणावं, एवढंच मुकुलला हवं होतं. त्याने धीर करून त्यांना एक राक्षसपट दाखवला.

हरीभाऊंनी नाक मुरडत बघितला. मग दुसरा मागितला. तिसऱ्याला तर वही-पेन घेऊन बसले!

"मुकुलराव, तुमचं शहर मीच बांधतो. आठ दिवस द्या. सरी? ठीक आहे ना?"

"सरी, बाबा!" मुकुल आनंदाने ओरडला.

आठ दिवस बनशंकरीच्या घरातून ठोकाठोकीचे आवाज येत राहिले. इकडे मुकुल जुन्या गादीतून सात फुटी शेपूट शिवत बसला.

शनिवारी पडदा उघडला. चिमुकलं बंगळुरू बघून लोकांनी टाळ्याच वाजवल्या! मुकुल डरकाळी फोडत आत आला. मुलं किंचाळली! समोरच मारतहळ्ळीचा पूल. चार वर्षांचा ट्रॅफिक आठवून त्याने दणदणीत लाथ घातली.

पूल ढिम्म! कळ आली ती अंगठ्यात.

त्याने दुसरी लाथ घातली. मग वर चढून उड्या मारल्या. पुलाला साधा ओरखडा नाही!

"बाबा," तो मुखवट्यातून विंगेकडे कण्हला, "हा पडत का नाही?"

"पडेल कसा?" हरीभाऊंची छाती फुगली होती. "जपान्यांच्या इमारती का पडतात ते मी नीट लिहून काढलं. आपल्या कामात ती एकही चूक नाही! आत सळ्या आहेत. तुमच्या तिप्पट वजनाला तपासलाय!"

"अहो, पण तो पाडायचाच होता!"

"मुद्दाम? स्वल्प थांबा हो, असं बांधकाम कोण करतं?"

मुकुलने आता लांबून धाव घेतली. पाय घसरला, तो गिरकी खाऊन पालथा पडला आणि शेपूट पुलाखाली गच्च अडकली. राक्षस पुन्हा एकदा मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकला होता!

अख्खं सभागृह उठून ओरडलं. पुलाचा जयजयकार करत! चौघांनी ओढून मुकुलला बाहेर काढलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "वा!"

मुकुलने भरल्या डोळ्यांनी वळून बघितलं. हरीभाऊ पुलावरून हात फिरवत होते.

"मुकुलराव, काय मजा आली हो!" ते जावयाजवळ येऊन म्हणाले. डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "पुढच्या वर्षी राक्षस मी. शहर तुम्ही बांधा, म्हणजे हमखास पडेल!"