दिवाकर भावोजींचा हुकूम

आमचे दिवाकर भावोजी मीठ मागत नसत. मिठाचा हुकूम सोडत. "मीठ. हुकूम," एवढंच म्हणत आणि ताटावरची नजर उचलून माझ्याकडे बघत. मग मी असा धावत सुटायचो की दोनदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून बरणीसकट पडलो आहे. सासुरवाडीत जावयाने तोरा मिरवावा, यात नवल काही नाही. पण हे जावई या पृथ्वीवरचे नव्हते आणि त्यांची पापणी कधी लवत नसे. पापणीच नव्हती, तर लवणार कुठून?

मी मुळात भित्रा माणूस. मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करतो आणि अमोनियाचा जरासा वास आला की सगळ्यांच्या आधी रस्त्यावर असतो. अशा माणसाच्या वाट्याला असे भावोजी यावेत! त्यांना आपल्याकडचा उकाडा सोसत नसे. म्हणून रोज संध्याकाळी सायकलला बांधून बर्फाची अर्धी लादी आणायची, हे माझं काम. भावोजी पडवीत त्या लादीवर बसून दाढी-मिशा नसलेला आपला राखाडी चेहरा समुद्राकडे करून राहत. लादी वितळेपर्यंत त्यांच्या समोरून जायची माझी छाती होत नसे. मी मागच्या दाराने घरात शिरायचो.

हे प्रकरण आमच्या घरात आणलं शालूताईने. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत मास्तरीण. चौतिशी आली तरी लग्न नव्हतं, कारण बघायला आलेल्या प्रत्येक मुलाच्या बोलण्यातल्या चुका ती तिथल्या तिथे दुरुस्त करून देई. शाळा सड्यापलीकडच्या वाडीत, म्हणून रोज सकाळी जांभ्याच्या त्या उघड्या माळावरून ती एकटी चालत जायची. त्र्याऐंशी साली एका सकाळी तिच्या वाटेत सात फुटी आकृती उभी राहिली.

"थांब. हुकूम."

या दोन शब्दांवर सात जगांतले राजे गुडघे टेकत, हे आम्हाला नंतर कळलं. ताईच्या काखेत चौथीच्या वह्या होत्या. ती म्हणाली, "बाजूला व्हा हो, मला शाळेला उशीर होतोय."

ते बाजूला झाले.

संध्याकाळी ताई परतली तेव्हाही ते तिथेच, बाजूला झालेले, उभे होते. तिने पुढे काही सांगितलं नव्हतं ना! तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेली आणि तेव्हाच मी ओळखलं की आमच्या घरावर काहीतरी येणार आहे. "ताई, अगो तो माणूस नाय गो," मी तिला हात जोडून म्हटलं. ती म्हणाली, "नसू दे. बाजूला व्हा म्हटल्यावर बाजूला होतो. तुझ्या माणसांतला एक तरी होईल काय?"

तुळशीचं लग्न झाल्यावर यांचंही लावलं. भटजींनी गोत्र विचारलं. नवरदेवांनी वर आकाशाकडे बोट दाखवलं. भटजी घाबरले होते, पण विद्या शाबूत होती. "म्हणजे सप्तर्षींपैकीच कुणाचं तरी," ते म्हणाले, "काश्यप लावून टाकू." मग हात बघायला घेतला, तर तळहातावर एकही रेषा नाही. पाटीसारखा कोरा. भटजींनी तो हात हळूच खाली ठेवला आणि पुढचे मंत्र दुप्पट वेगाने म्हटले. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. इथे नवऱ्याचं बदलावं लागलं, कारण त्यांचं मूळ नाव उच्चारलं की कौलं थडथडत. ताईने दिवाकर ठेवलं. वाडीत अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सांगून टाकलं, "जावई बोटीवर असतात." रत्नागिरीत याहून जास्त कोणी विचारत नाही.

पुढची तीन वर्षं मी कशी काढली, माझं मला ठाऊक. भावोजी रागावले की घरातलं घड्याळ बंद पडे. एकदा पोस्टमनने फाटकातून मोठ्याने हाक मारली, तर त्याच्याकडे नुसतं बघितलं. बिचारा पत्र पुढे केलेल्या हातानिशी पाव तास तसाच उभा. भाताचा पहिला घास घेता घेता सांगत, "मी एकदा एक सूर्य विझवला. आमटी गार आहे. हुकूम." आई आमटी गरम करायला उठे आणि मी मनातल्या मनात आपल्या सूर्याची काळजी करत बसे. ताई मात्र त्यांच्यासमोर बसून खुशाल वह्या तपासायची. मध्येच म्हणायची, "अहो, उजेडात उभे आहात." की ते सरकत.

एकदा मला मुंबईला मुलाखतीला जायचं होतं. निघताना आईने रीतीप्रमाणे माझ्या तळहातावर दही घातलं. भावोजी लादीवरून उठून आले.

"हे काय?"

आई चाचरत म्हणाली, "जावयबापू, गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून घालतात. घरात कुणीतरी वाट बघतंय, हे ध्यानात रहातं त्याच्या."

"आणि नाही आलं तर?"

"नाय कसं येईल? दही घातलंय ना!"

ते माझ्या तळहाताकडे बघत राहिले. दही चाटायचं की नाही, मला कळेना. घड्याळ बंद पडलं ते मी मुंबईहून परत येईपर्यंत चालू झालं नाही, असं आई म्हणाली. आमच्या या साध्या रीतीचा त्यांना राग आला, अशी माझी खात्री झाली. नोकरी तर मिळाली नाहीच.

मग शहाऐंशीच्या चैत्रात जेवताना त्यांनी सांगितलं, "मला परत बोलावलं आहे. अमावास्येच्या सकाळी निघायचं. शालिनी बरोबर येईल. हुकूम."

जाऊन यायला त्यांचे सहा महिने. पण तेवढ्यात इथली चाळीस वर्षं जाणार होती. आईच्या हातातला डाव खाली पडला. ताई परतेल तेव्हा आई-अण्णा नसणार, हा हिशेब कोणी मोठ्याने केला नाही. अण्णांनी ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घातलं. भावोजींशी बोलायला मला पाठवायचं ठरलं. मी पडवीत गेलो, तोंड उघडलं आणि "मीठ आणू का?" असं विचारून परत आलो. त्या रात्री मी स्वतःला फार शिव्या दिल्या.

ताईने रजेचा अर्ज लिहायला घेतला आणि 'किती दिवस' इथे येऊन थांबली. "तुला जायचंय?" मी विचारलं. "भीती वाटते रे," ती म्हणाली. ताईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "जायची वाटते. त्यांना एकटं पाठवायचीही वाटते." अर्ज तसाच कोरा राहिला.

त्या सकाळी आम्ही सगळे सड्यावर गेलो. आईने ताईची ओटी भरली, पण पुढे तिच्याने काही होईना. दह्याची वाटी तिने माझ्या हातात दिली. मी ताईच्या तळहातावर दही घातलं. माझे हात इतके लटपटत होते की थोडं तिच्या पदरावर सांडलं.

आणि तेवढ्यात दुसरा हात पुढे आला. मोठा, राखाडी, एकही रेषा नसलेला.

मला वाटलं, आता संपलं. मी हुकुमाची वाट बघत थांबलो. पण हुकूम आलाच नाही. भावोजी नुसता हात पुढे करून उभे राहिले. तीन वर्षांत या माणसाने कुणापुढे हात पसरलेला मी पाहिला नव्हता. मी चमचाभर दही त्यांच्या हातावर घातलं. ते थरथरायला लागलं. माझाच हात लागत असेल म्हणून मी हात मागे घेतला, तरी दही थरथरतच होतं.

"आमच्याकडे गेलेल्याची वाट कोणी बघत नाही," भावोजी म्हणाले. "गेला तो गेला. मी सात जगांतून निघालो. कुठेच कोणी दारात नव्हतं."

मग ताईकडे वळून म्हणाले, "शालिनी, तू थांब. वाट बघ."

"हा हुकूम?" ताईने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "विचारतो आहे."

ताईने मान हलवली. ती आता उघड उघड रडत होती. भावोजी तळहात मिटायला लागले, तेव्हा आई एकदम ओरडली, "जावयबापू, ते चाटायचं असतं!" सूर्य विझवणाऱ्या त्या माणसाने निमूटपणे दही चाटलं.

"आंबट आहे," ते म्हणाले. पुढे हुकूम नव्हता.

"आता बाजूला व्हा," ताई डोळे पुसत म्हणाली, "मला शाळेला उशीर होतोय."

ते बाजूला झाले. सड्यावरचं वाळलेलं गवत गोलाकार आडवं झालं आणि ते तिथे नव्हते.

याला आता तीन वर्षं झाली. ताई रोज त्याच वाटेने शाळेत जाते आणि रोज संध्याकाळी न चुकता दुधाला विरजण लावते. मला भावोजींची भीती आता वाटत नाही. वाटते ती वेगळीच. ते परततील तेव्हा ताई सत्त्याहत्तर वर्षांची असेल. देव करो आणि ती दारात असो. पण नसलीच तर? म्हणून माझ्या दोन वर्षांच्या मुलीला मी आत्तापासून पढवतो. सात फुटी कोणी दारात येऊन हुकूम म्हणालं, तर घाबरायचं नाही. म्हणायचं, या आतोबा, वाटच बघत होतो. आणि धावत जाऊन मिठाची बरणी आणायची. उंबरा सांभाळून.