घरटं कालिंदीचं, अनुमान गुरुजींचं

एका जंगलात, मुलांनो, सगळं ज्ञान मिळवून झालं होतं. नवं शिकायचं काही शिल्लकच नव्हतं. तसं तिथल्या थोरांनी ठरवून टाकलं होतं. थोर म्हणजे कोण, तर ज्यांची नजर गेली, दात गेले, पण बसायचा दगड काही सुटला नाही, ते.

त्या जंगलात एक पर्जन्यपीठ होतं. यंदा पाऊस किती पडणार, हे पीठ सांगायचं. पीठाचे प्रमुख मुसंडेगुरुजी. गुरुजी रानडुक्कर होते आणि त्यांचा विषय होता आभाळ. आता रानडुकराची मान वर होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. गुरुजींनी जन्मात आभाळ पाहिलं नव्हतं. डबक्यात पडलेलं पाहिलं होतं, तेही लोळायला जाताना. पण आभाळाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

गुरुजींच्या हाताखाली कारकून होता, सरडा. सरड्याची मान जन्मतःच हलते. त्यामुळे त्याला नोकरीसाठी वणवण करावी लागली नाही.

पाऊस सांगायची रीत सोपी होती. कावळ्याने घरटं झाडाच्या मधल्या बेचक्यात बांधलं, तर पाऊस दांडगा. शेंड्यावर बांधलं, तर बेताचा. असं पोथीत लिहिलेलं होतं. हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं? कावळ्यांच्या. दांडग्या पावसात शेंडा झुलतो, घरटं पडतं, पिल्लं मरतात. अशी पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं मेली, तेव्हा कुठे कावळे वारा बघून जागा निवडायला शिकले. पण पोथीत ती पिल्लं नव्हती. पोथीत गुरुजींचे गुरुजी होते.

आता कालिंदीकडे येऊ. कालिंदी ही कावळी. लहानपणी तिला पीठात शिकायला घातलं होतं. तिथे आभाळाचा तास जमिनीकडे बघून चालायचा. एकदा तास चालू असताना वीज चमकली आणि कालिंदीने वर बघितलं. लक्ष कुठे आहे, म्हणून गुरुजींनी तिला उभं केलं. ती उभी राहिली, आणि तशीच उडून गेली. परत काही आली नाही. सगळ्या जंगलाने तिच्या आईबापांची कीव केली. पोरगी वाया गेली म्हणाले.

वाया गेलेली पोरगी मग दिवसभर बघत बसायची. वारा कुठल्या अंगाने येतो. मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या. तीन वर्षांमागे, पहिल्या विणीला, तिने थोरांच्या सांगण्यावरून शेंड्यावर घरटं बांधलं होतं. एका वावटळीत ते गेलं. तेव्हापासून ती थोरांचं ऐकायची, पण आधी फांदी हलवून बघायची.

यंदा वैशाखातच मुंग्या अंडी तोंडात धरून मोहाच्या खोडावर चढायला लागल्या. पश्चिमेचा वारा चार दिवस हटला नाही. कालिंदीने मोहाच्या मधल्या बेचक्यात काटक्या रचल्या आणि चार अंडी घातली. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची.

इकडे गुरुजींनी पाऊस आधीच जाहीर केला होता. बेताचा. त्याचं असं झालं, की ज्येष्ठात गुरुजींच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता, मांडव नदीच्या कोरड्या पात्रात घालायचा होता, आणि शाल पांघरवायला खुद्द वाघोबा येणार होते. शाल ठरली, नारळ ठरला, मग पाऊस ठरला.

अशात सरडा बातमी घेऊन आला की घरटं बेचक्यात आहे. गुरुजींनी आधी जमीन हुंगली. मग त्यांनी विचारलं, आपल्या अनुमानाप्रमाणे घरटं कुठे पाहिजे? सरडा म्हणाला, शेंड्यावर. गुरुजी म्हणाले, म्हणजे घरटं चुकलं. सरड्याने मान हलवली.

कालिंदीला पीठापुढे बोलावणं आलं. तिचा नवरा सोनबा तिला वाटभर समजावत होता. मोठी माणसं आहेत, हो म्हणून मोकळी हो, आपल्याला याच जंगलात राहायचंय. कालिंदी म्हणाली, "राहायचंय म्हणूनच चाललेय."

पीठापुढे म्हातारी सांबरं, म्हातारे गवे, सगळे जमले होते. गुरुजींनी जमिनीकडे बघत विचारलं, "घरटं चुकीच्या जागी का बांधलंस?"

"गुरुजी, यंदा पाऊस दांडगा आहे. मुंग्या वर चढल्यात. वारा बघा. मोहाखाली चला, मी दाखवते."

"मुंग्यांनी पोथी वाचलीय?"

"नाही."

"तू?"

"अर्धी."

सभा हसली. सोनबाही थोडा हसला, एकटं पडायला नको म्हणून.

"मग जिने अर्धी वाचली तिने अर्धंच बोलावं," गुरुजी म्हणाले. "मी पंचेचाळीस पावसाळे शिकवलेत."

"शिकवलेत, गुरुजी. एक तरी बघितलाय का?"

सरड्याची मानसुद्धा मध्येच थांबली. म्हातारी सांबरं एकमेकांत म्हणाली की हल्लीच्या पोरांना बोलायची रीत नाही. थोर नेहमी हेच म्हणतात, मुलांनो. उत्तर सुचलं नाही की त्यांना रीत आठवते.

कालिंदीने मग मान खाली घातली. तिला वाद जिंकायचा नव्हता, अंडी वाचवायची होती. ती हळू म्हणाली, "गुरुजी, आत चार अंडी आहेत. शेंडा टिकायचा नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबा, मग घरटं कुठेही न्या."

"चार अंड्यांसाठी शास्त्र थांबत नसतं," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माकडं आली. माकडांना पोथी कळत नव्हती, हुकूम कळत होता. त्यांनी घरटं उचललं आणि शेंड्यावर नेऊन ठेवलं. अंडं एकही फुटू दिलं नाही, हे मात्र सांगायला हवं. कामाला माकडं चोख होती. सरड्याने खालून नोंद केली, घरटे शेंड्यावर आढळले. आढळले!

कालिंदी शेंड्यावर अंडी पोटाखाली घेऊन बसली. वारा आला की शेंडा अर्धं आभाळ फिरून यायचा. सोनबा चारा आणायचा आणि खालच्या फांदीवर बसून म्हणायचा, बघ, काही झालं का?

सत्काराच्या दिवशी भर दुपारी ते झालं. वाघोबांनी शाल उघडली आणि आभाळ फाटलं. पात्रात आधी गढूळ पाणी आलं, मग ओंडके आले, मग मांडव गेला. मोहाचा शेंडा मोडला. कालिंदीने नखांनी घरटं धरून ठेवलं होतं. काटक्या नखांत राहिल्या. अंडी एकामागून एक खाली गेली. चारही पडताना तिने बघितली. बघायची सवय वाईट असते.

गुरुजींचं काय झालं? रानडुकरं उत्तम पोहतात. ते शालीसकट काठाला लागले.

पूर ओसरला तशी टेकडीवर सभा भरली. आता तरी गुरुजी चूक कबूल करतील, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही लहान आहात. गुरुजी ओल्या शालीत उभे राहिले आणि म्हणाले, "ज्ञान हे निरीक्षणातून आणि अनुभवातून घडतं. निरीक्षण असं की घरटं शेंड्यावर होतं. अनुभव असा की पूर आला. म्हणून आजपासून, घरटं शेंड्यावर असेल तर पाऊस दांडगा."

सभेने जमिनीवर खूर आपटले. म्हाताऱ्या गव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वयात जुनं मत बदलायचं म्हणजे केवढं मोठं मन लागतं, म्हणाले. राहिलेला सत्कार तिथेच उरकला.

पोथीत लिहिताना सरड्याने विचारलं, कावळीचं नाव घालायचं का? गुरुजी म्हणाले, "एका पक्ष्याचे घरटे, एवढं पुरे."

पुढच्या वर्षी वाघोबांना दांडगा पाऊस हवा होता, म्हणून पीठाने घरटं शेंड्यावर मागितलं. या वेळी कालिंदी एका शब्दाने वाकडी गेली नाही. तिने मोहाच्या नव्या शेंड्यावर छान, गोल, सगळ्यांना दिसेल असं घरटं बांधलं. गुरुजी फार खूष झाले. पोरगी सुधारली म्हणाले. अनुभवाने शहाणी झाली, हेही म्हणाले, आणि तेवढं मात्र खरं होतं.

सरडा मोजणीला वर चढला. घरटं रिकामं होतं. त्याने रिकाम्या घरट्यात बघितलं, मग कालिंदीकडे बघितलं. मग मान हलवली आणि लिहिलं, अंडी चार.

खरी चार अंडी ओढ्यापलीकडे होती. पीठाची हद्द ओढ्याला संपायची. तिथल्या अर्जुनाच्या झाडाची प्रत्येक फांदी कालिंदीने आठ दिवस हलवून बघितली होती. सोनबानेही बघितली, न सांगता. त्या वर्षी चारही पिल्लं उडाली. त्यांना तिने एवढंच शिकवलं, आधी वर बघा, मग खाली बघा, आणि गुरुजी भेटलेच तर सरड्यासारखी मान हलवा.

मोहाच्या शेंड्यावरच्या रिकाम्या घरट्याचा अभ्यास पीठात अजून चालू आहे. त्यावर आतापर्यंत सात पोथ्या झाल्या.

तात्पर्य : अनुभव हाच खरा गुरू. म्हणून तो लहानांनी घ्यावा, आणि गुरुदक्षिणा मोठ्यांनी.